अडकलेलं सेशन आणि रेवतीची सुट्टी

गोविंदपुऱ्यातल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात रेवती खानझोडे एकोणीस वर्षं डेटाबेस सांभाळते. ते काम दुसऱ्या कोणालाच येत नाही, त्यामुळे तिचा सुट्टीचा प्रत्येक अर्ज माझ्या रजेच्या टेबलावर येतो तो "फोन चालू ठेवीन" या ओळीसकट. या वेळी मात्र ती ओळ नव्हती. नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी तिला त्यांना भेटायचं होतं. गाडी तीनची.

साडेबाराला सगळ्यांचे स्क्रीन थिजले. गेटपास निघेना, माल भरलेला ट्रक फाटकात उभा.

कोण कोणासाठी थांबलंय, याची यादी रेवतीने काढली. सव्वीस जण रांगेत, आणि सगळ्यांना अडवून धरणाऱ्या एकच, स्टोअरच्या कुसुमताई.

"ताई, काय चालवलं होतंत?"

"अगं, सगळ्या मालाचे नवे कोड. सकाळी आठपासून. मघाशी स्टोअरची लाइट गेली नि माझा कॉम्प्युटर बंद पडला."

"मधे सेव्ह नाही केलं?"

"टोटल जुळल्याशिवाय मी कधी पक्कं करते का?"

ताई वह्यांच्या काळातल्या. आधी पेन्सिल, मग शाई.

त्यांचा कॉम्प्युटर बंद होता, पण त्यांचं सेशन, म्हणजे उघडलेलं काम, सर्व्हरवर तसंच लटकलेलं, हजारो नोंदींना लॉक लावून. रेवतीने ते तोडलं.

"सुटलं?" मॅनेजर विक्रांत साहेबांनी विचारलं.

"नाही. आता ताईंचा एकेक बदल मागे घेतला जातोय. तो पुरा झाल्याशिवाय लॉक सुटत नाही."

"अरे, बंद करून चालू करा ना!"

"चालू झाल्यावर पुन्हा तेच करत बसेल, साहेब."

"किती वेळ?"

"बदलायला लागला तेवढा तरी धरा."

"मग ट्रक निघेपर्यंत तुम्ही हलू नका."

करण्यासारखं काही उरलं नव्हतं. किती बदल मागे घेतले गेले, त्या आकड्याकडे रेवती नुसती बघत बसली. दोन वाजता तीस टक्के. "तू जा गं, मी बघते," कुसुमताई दोनदा म्हणाल्या. "काय बघाल, ताई?" एवढंच ती बोलली.

तीनला पाच कमी असताना फोन वाजला.

"बसलीस का गाडीत?"

"नाही बाबा. रात्रीच्या बसने येते. तुम्हाला किती वाजता नेणार?"

"सकाळी सहाला म्हणतात."

"पोचते मी."

ती बस साडेसातच्या आत नागपूरला लागत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. फोन ठेवून तिने पुन्हा आकडा बघितला. एक्केचाळीस.