भरतीचं धावणं

वरवट बकालच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग खिडकीतून आत टाकून जागा धरली आणि बजावलं, "इकडची काळजी करू नको. अभ्यासात डोकं घाल." डोकंच बिघडेल हे कोणाच्या ध्यानीमनी होतं?

पुण्यात दुसऱ्या सेमिस्टरला मी उठेनाशी झाले. आंघोळ नाही, मेस नाही, लेक्चर नाही. मरून जावं असं वाटायचं. रूममेटनं ओढत डॉक्टरांकडे नेलं. डिप्रेशन म्हणाले. गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, रोज धाव, जमेल तेवढंच. म्हटलं, काय चेष्टा लावलीय! संडासापर्यंत जाववत नाही, धावू कुठे? तरी धावले. पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या गेटपर्यंत. महिन्याभरानं सपाटून भूक लागली, तर मेसमध्ये ताटावर बसून रडले.

दिवाळीत गावी आले आणि सकाळी संग्रामपूर रोडवर धावायला लागले. आपल्याकडे त्या रोडवर धावतं कोण? पोलीस भरतीची पोरंपोरी. झालं! दोन दिवसांत गावभर झालं, हिनं कॉलेज सोडलं, भरती करून राह्यली. वाटलं, बाबा चिडतील. छे! ते मोबाइलवर वेळ लावून पुलापाशी हजर. "कालच्याहून लवकर आली वं आज!" बारावीच्या निकालालाही इतके खूश दिसले नव्हते.

मला ते सहन होईना. चौथ्या दिवशी तिथंच सगळं सांगून टाकलं. गोळ्या, डॉक्टर, मरावंसं वाटणं.

बाबांनी मोबाइलवरची वेळ बंद केली. मग म्हणाले, "आईले सांगितलं का?"

"नाही."

"नको सांगू. कोणालेच सांगू नको. लोकं येडी म्हणतीन. भरतीच म्हण."

दुसऱ्या दिवशी ते पुलापाशी आले नाहीत.

गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, बाबांना नावं ठेवू नका. जीव टाकतात माझ्यावर. मला राग येतो तो त्याचाच.

आता पुण्यात नोकरी आहे; गावात मात्र माझी भरती अजून चालूच आहे. मागच्या महिन्यात परत उठेनाशी झाले. घरी जावंसं फार वाटलं, आईजवळ नुसतं पडून राहावंसं. गेले नाही. आजारी पडल्यावर जाता येईल असं ते घर उरलेलं नाही.

रविवारी बाबांचा फोन आला. मागे माणसं बसलेली ऐकू येत होती. बाबांनी मोठ्यानं विचारलं, "धावून राह्यली ना?"

मी चार दिवसांपासून अंथरुणात होते. म्हटलं, "हाव, बाबा."