जाऊबाईंनी धुतलेले वॉशर

मेली ती लॉरी! लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली. ह्यांनी आणि थोरल्या दिरांनी मिळून घेतली आणि नाशकाचा कांदा कल्याणच्या बाजारात आणू लागले. एकदा कसाऱ्याच्या घाटात ब्रेक लागलाच नाही. दीर गेले. लॉरी तेवढी दोराने ओढून घरी आणली.

"भंगारात घाला ती कैदाशीण," सासूबाई म्हणाल्या. पण पोटाला दुसरं होतं काय? ह्यांनी परसात चाकं उतरवली. आत ब्रेकचं तेल दाबणारे रबरी वॉशर असतात, ते फुगून लिबलिबीत झालेले. ठाण्याला दुकानात दाखवून नवे घेऊन आले, ते तोंड पाडूनच. रबराला रॉकेल लागलं की असं होतं, हे तिथे कळलं.

आमच्याकडे लॉरीचा कुठलाही सुटा भाग बायकांनीच रॉकेलच्या डब्यात घासायचा, भांडी घासतात तसा. घाटाच्या आधी ब्रेक खोलले होते, तेव्हा ते वॉशर जाऊबाईंनी, थोरल्या दिरांच्या बायकोनं, घासले होते. अगदी लख्ख.

आमची कुजबुज त्यांच्या कानावर गेली असावी. दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, रॉकेलनं रबर फुगतं का हो?"

"छे! लढाईतलं रबर ते वहिनी, कुजलेलंच होतं."

"मग नवे पण मीच धुते."

ह्यांनी नवे वॉशर त्यांच्या हातात दिले.

मी आत येऊन ह्यांच्यावर चिडले. "खरं सांगून टाका. पुन्हा जीव जायचा कोणाचा तरी!"

"खरं सांगितलं तर वहिनीचा इथेच जाईल," हे म्हणाले.

जाऊबाईंनी धुतलेले वॉशर ह्यांनी खाडीत टाकले. पुन्हा ठाण्याला जाऊन दुसरे आणले, स्पिरिटने पुसून बसवले. ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

ब्रेकला ज्याचा हात लागला त्याने पहिल्या फेरीला पुढे बसायचं, अशी ह्यांच्या धंद्यातली रीत. सासूबाई नको नको म्हणत होत्या, तरी जाऊबाई पदर खोचून चढल्या. मी देवापाशी बसले, पण हात जोडायचं सुचेना. लॉरी आंबिवलीच्या बाजूचा उतार उतरून सुखरूप परत आली.

जाऊबाई उतरल्या आणि माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या. दीर गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अगं, माझ्या हातचे ब्रेक लागले गं! ते माझ्यामुळे नाही गेले."

"नाही हो जाऊबाई," मी म्हटलं, आणि त्यांना घट्ट धरून ठेवलं.