सलाईन उपटून आलेला प्रथमेश

आमचा प्रथमेश सिनेमा बघून मेला.

सर्टिफिकेटवर डेंग्यू लिहिलं आहे. तेही खरं आहे. पण त्या दिवशी मी तिथे होतो.

आज वर्ष झालं.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा, मी तिसऱ्या. ढोल पथकात तो कायम पहिल्या रांगेत. मंडळाच्या गणपतीच्या आगमनाला चार दिवस असताना ॲडमिट झाला. प्लेटलेट्स खूप खाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, बेडवरून उठायचं नाही.

आगमनाच्या दुपारी परळच्या कारखान्यातून मूर्ती बाहेर निघत होती आणि हा समोरून चालत आला.

कॉलर वर. गॉगल. मनगटावर रक्ताळलेला कापूस.

"उपटली रे सुई," म्हणाला.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"हिरो कधी विचारतो का?"

"अरे, अंगात ताप आहे तुझ्या."

"तू ना, इंटरव्हलला उठून घरी जाणारा माणूस आहेस."

सगळे हसले. मीही हसलो.

सिनेमात हिरो सलाईन उपटतो आणि पुढच्या सीनला वीस गुंड लोळवतो. बँडेज मात्र पांढरंशुभ्र. हे लिहिणारे स्वतः साधी ॲसिडिटी झाली तरी स्पेशालिस्टकडे पळत असतील.

आणि आम्ही? पथकातल्या शहाण्यांनी शिट्ट्या मारल्या. "भावा, एन्ट्री असावी तर अशी." रिकाम्या टॅक्सी बाजूने जात होत्या. एकानेही हात केला नाही.

स्लो मोशन व्हिडिओ मी काढला.

पहिल्या वेळी फ्रेममध्ये कोणाचं तरी डोकं आलं. मला असलं काही चालत नाही. मी त्याला परत मागे जाऊन चालत यायला सांगितलं.

तो गेला. भर उन्हात, तापात. परत आला, तसाच ऐटीत.

मग तासभर ढोल वाजवला. मग फुटपाथवर बसला. नाकातून रक्त यायला लागल्यावर टॅक्सी मिळाली.

तिसऱ्या दिवशी गेला.

त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला तोच व्हिडिओ. मागे दणदणीत म्युझिक. खाली, "वाघ गेला."

आता यंदाच्या आगमनाला तो एलईडी स्क्रीनवर दाखवायचा आहे. ट्रिब्यूट म्हणे.

काल त्याची आई, आमच्या काकी, मंडळाच्या ऑफिसात आल्या. "तो व्हिडिओ लावू नकात."

आमचा एक कार्यकर्ता म्हणाला, "काकी, त्यात तो एकदम हिरो दिसतो."

"माका हिरो नाय दिसणा. माका माजो आजारी झील दिसता."

मग म्हणाल्या, "तुमी इतके जण होतास रे."

तरीही बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, "बघू, शेवटी दहा सेकंद टाकू."

दहा सेकंदही टाकायचे नाहीत. माझ्याकडची ओरिजिनल फाइल आज सकाळी मी डिलीट केली. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही करा. स्क्रीनवर दिसला, तर वायर मी काढणार. मग मला पथकातून काढा.

प्रथमेश, त्या दुपारी तुला शिव्या घालून टॅक्सीत कोंबायला हवं होतं.

मी तुला परत चालायला लावलं.

माफ कर, मित्रा. श्रद्धांजली.