उसनी घंटा

शाळा बघायला नवीन आईवडील आले, की बाई त्यांना सगळ्यात आधी संडास दाखवायच्या. फळा, मुलांची चित्रं, चर्चच्या रंगीत काचा हे सगळं मागाहून. फाटकातून थेट मागच्या अंगाला न्यायच्या, दोन्ही दारं सताड उघडायच्या आणि म्हणायच्या, "घ्या बघून. वास येत असेल तर आत्ताच सांगा, मागून गावभर सांगत फिरू नका." एखादा हौशी बाप खिशातून रुमाल काढायचा, पण बाईंचा चेहरा दिसला की रुमाल मुकाट्याने खिशात परत जायचा. संडास लख्ख असायचे, कारण रोज सकाळी बाई स्वतः बादली घेऊन उभ्या राहायच्या.

गावात त्यांना तोफबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कोणाची नव्हती. नाव ठेवणारे सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. पाव भाजणारा, केस कापणारा, गाड्या दुरुस्त करणारा, प्रत्येकाच्या कानाला बाईंच्या बोटांची ओळख होती. आपल्याला काय म्हणतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं आणि मनातल्या मनात ते आवडतही होतं.

शाळा म्हणजे चर्चच्या आवारातल्या दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. शिकवायला या बाई आणि एक धाकट्या बाई. शाळेला स्वतःची घंटा कधीच नव्हती. चर्चचीच घंटा उसनी घ्यायची, आणि गावाने त्याची रीत बसवून टाकली होती. भराभर वाजली की शाळा भरली. सावकाश, एकेक टोला सुटा पडला की गावातलं कोणीतरी गेलं. मग हातातलं काम टाकून चर्चकडे निघायचं, कोण गेलं हे तिथे पोचल्यावर विचारायचं.

ही घंटा बाईंच्या घरातलीच म्हणायची. वडील ती वाजवायचे आणि कबरी खणायचे. त्यांच्यामागे दोन्ही कामं धाकट्या भावाकडे आली. बहीणभाऊ घंटेच्या मनोऱ्याला लागून असलेल्या घरात वाढले आणि अजून तिथेच राहत होते. मधली काही वर्षं बाई शहरातल्या मोठ्या शाळेत होत्या, डोक्यावर पंखा आणि हाताशी शिपाई. गावातल्या जुन्या बाई गेल्या आणि त्यांच्या जागी यायला कोणी तयार होईना, तेव्हा या उठून परत आल्या. का आलात म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "पंख्याखाली झोप येते मला." एकदा लग्नाचं ठरत आलं होतं. मुलाकडच्यांनी शाळा सोडायची अट घातली, तर बाईंनी मुलालाच सोडलं.

तर अशा बाईंच्या शाळेवर त्या वर्षी गंडांतर आलं. चर्चच्या शाळा चालवणाऱ्या वरच्या समितीचे एक साहेब आले आणि गोड आवाजात सांगून गेले, की नवीन पालकांच्या बैठकीत पहिलीचा वर्ग भरण्याइतकी मुलं मिळाली तर ठीक, नाहीतर ही शाळा शहरातल्या शाळेत विलीन होईल. विलीन हा शब्द बाईंच्या डोक्यातच गेला.

"चहातल्या साखरेसारखे विरघळणार का आम्ही? सरळ बंद करतो म्हणा की."

"बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता," साहेब म्हणाले. "बैठकीला मी स्वतः येईन. लोकांना चर्चमध्ये बसवा, छान वाटतं. ते संडासाचं तेवढं राहू द्या. आणि दोन इयत्ता एका खोलीत बसतात हे आपण होऊन कशाला सांगायचं?"

साहेब वाईट नव्हते. झाकपाक करण्यात आयुष्य गेलं की माणसाला उघडं काही बघवत नाही, एवढंच.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी घरात वेगळाच भडका उडाला. भावाने जेवताना जाहीर केलं, की उद्या तो घंटा वाजवणार नाही.

"शाळा मोडायला निघालेल्या माणसासाठी मी दोरी ओढू? जमणार नाही."

"त्याच्यासाठी नको ओढूस. येणाऱ्या आईवडिलांसाठी ओढ."

"नाही म्हणजे नाही, ताई. तू त्यांच्यासमोर हांजी हांजी कर, मी नाही करणार."

हांजी हांजी! बाईंच्या हातातलं ताट खणकन मोरीत पडलं. डॉक्टरांनी त्यांना आवाज चढवायला बंदी केली होती. रक्तदाब होता आणि गोळ्या घ्यायचा कंटाळा होता. पण त्या संध्याकाळी आवाज फाटकापर्यंत गेला. "मग बस घरी तोंड फुगवून! तुझ्यावाचून माझं काही अडत नाही!"

"ओरड, अजून ओरड! अशीच ओरडता ओरडता जाशील एक दिवस!" भाऊ म्हणाला आणि उरलेलं जेवण तसंच टाकून उठला. सकाळी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

बैठकीला मोजकी कुटुंबं आली होती. साहेब इस्त्रीचा सदरा घालून फाटकात स्वागताला उभे होते. त्यांनी चर्चकडे हात केला आणि बाई सगळ्यांना घेऊन मागच्या अंगाला वळल्या. संडास झाले, मग पत्र्याचं छप्पर झालं, ते कुठे गळतं तेही झालं. "दोन इयत्ता एका खोलीत बसतात," बाई मुद्दाम साहेबांकडे बघत म्हणाल्या. "पहिलीतलं पोर दुसरीचं ऐकून ऐकून शिकतं. कधीकधी दोघंही शिकत नाहीत, मग मी शिकवते." दोनतीन बाप हसले. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

त्या घोळक्यात एक शिवणकाम करणारी बाई होती, गावात नुकतीच राहायला आलेली. मनगटाला टाचण्यांची गादी तशीच बांधलेली आणि हातात मुलीचा हात घट्ट धरलेला. मुलगी कसली, भिंगरीच. सारखी हिसके देत होती.

"आवाराला कुंपण कुठे आहे?" आईने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"ही पळते. हात सुटला की रस्त्यावर. दोघी शिक्षिका आणि एवढी मुलं. मग बघणार कोण?"

"आम्ही बघतो. आणि गाव बघतं."

"गाव बघतं म्हणजे कोणीच बघत नाही," ती म्हणाली. भांडून नव्हे, अनुभवाने म्हणाली.

तोफेला पहिल्यांदाच दारूगोळा कमी पडला. कुंपण नव्हतंच, आणि नसलेलं कुंपण आहे म्हणायची बाईंना सवय नव्हती. साहेबांनी ती जागा बरोबर हेरली. "शहरातल्या शाळेला पक्की भिंत आहे. फाटकावर माणूस असतो. मुलांना न्यायला बस येते." शिवणकामवालीने मान डोलावली. बाकीच्यांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्याही माना हलायला लागल्या. शाळा आपल्या डोळ्यांदेखत, कोणी मोठ्याने न बोलता चालली, हे बाईंना स्वच्छ कळलं.

तरी त्या ताठ चालत पहिलीच्या खोलीत गेल्या. घंटा झाल्याशिवाय फळ्यासमोर उभं राहायचं नाही हा त्यांचा नेम, आणि आजही तो मोडायचा नव्हता. वाजवणारा रुसून सकाळीच गावाबाहेर निघून गेलेला. म्हातारे फादर म्हणाले, "मी वाजवतो. त्यात काय एवढं?"

फादरांचा उजवा खांदा आखडलेला होता हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही नाही.

पहिला टोला पडला. बाईंनी खडू उचलला. दुसरा टोला पडेना. मग पडला. मग पुन्हा तेवढीच लांब शांतता. फादर बिचारे एका हाताने दोरी खेचत होते, दम खात होते, पुन्हा खेचत होते. नवीन पालक बाकांवर गुडघे दुमडून निवांत बसले होते, त्यांना काय ठाऊक? बाईंचा हात फळ्यापाशी थांबला. "अहो फादर, पुरे!" असं ओरडत त्या बाहेर धावल्या, पण घंटेपुढे तोफेचं काय चालणार? शिवाय फादरांना ऐकू कमीच यायचं.

तोवर गाव निघालं होतं. पावाच्या भट्टीवरचा कोपरापर्यंत पिठाचे हात घेऊन आला. गॅरेजवाला पाना हातात तसाच धरून आला. केस कापणारा वस्तरा घेऊन आला, आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गालावरच्या फेसासकट आलं. दुकानांची दारं उघडी टाकून, चुलीवरची भांडी उतरवून बायकामाणसं येत राहिली. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, हळू आवाजात, "कोण गेलं?"

सगळ्यांच्या मागून भाऊ आला. तो अनवाणी धावत होता. गर्दी त्याला वाट करून देत होती आणि तो कोणाकडेच बघत नव्हता. आपल्याला न बोलावता फादर स्वतः घंटा वाजवतायत म्हणजे आपल्याच घरचं कोणीतरी, आणि घरचं म्हणजे ताईशिवाय होतं कोण? पायरीवर उभी असलेली ताई दिसली आणि तो जागच्या जागी थबकला.

"तू आहेस?" तो म्हणाला.

"मग काय जाऊ?"

"मला वाटलं तूच..." आणि एवढा बाप्या माणूस, गावाच्या कबरी खणणारा, सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागला. "काल मी तुला काय बोललो, ताई!"

बाईंना भडभडून आलं. त्या पायरी उतरल्या, पदराने त्याचं तोंड पुसलं, आणि रडू आवरायची त्यांना एकच युक्ती येत होती ती केली. आवाज चढवला.

"आहे मी! सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आहे! कोणी गेलेलं नाही. जाणार आहे ती ही शाळा. हे साहेब तेच सांगायला आलेत."

"बंद नाही, विलीन..." साहेब म्हणाले.

"तुम्ही थांबा. तुमचा नंबर नंतर." बाई गावाकडे वळल्या. "मयताला कसे धावत आलात? फेससुद्धा पुसला नाहीत! छपराचा पत्रा उडाला तेव्हा कुठे होतात? तुमची पोरं कुठल्या शाळेत जातात, बोला ना! सकाळी बस येते तेव्हा रांगेत उभी असतात, बघत नाही का मी? तुम्हाला वाचायला कोणी शिकवलं? आता सावकाश मारून टाका हिला, आणि मग या रडायला, घंटा आहेच."

कोणी वर बघेना. मोठमोठी माणसं पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिली. शाळेत असताना उभी राहायची तशीच.

तेवढ्यात भट्टीवाला अवघडून पुढे आला. त्याच्या काखेत एक पोरगी होती, हातपाय झाडत खिदळणारी. "बाई, ही कोणाची? येताना रस्त्याच्या मधोमध चालली होती."

शिवणकामवालीने आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं. गोंधळात तो कधी सुटला हे तिला कळलंच नव्हतं. तिने झडप घालून मुलगी घेतली. फ्रॉकवर पिठाचे पांढरे पंजे उमटले होते. तिने ते झटकले नाहीत. मुलीला छातीशी धरून ती त्या सगळ्या गर्दीकडे एकेक करून बघत राहिली.

"घंटा वाजली की एवढी माणसं येतात?" तिने विचारलं.

"मेल्यावर येतात," बाई म्हणाल्या. "जिवंतपणी बोलवायचं आम्हाला कधी सुचलं नाही."

"हिचं नाव घाला," ती म्हणाली. "आणि कुंपण घाला."

"कुंपण मी घालतो," गॅरेजवाला पटकन म्हणाला. वस्तरेवाला घसा खाकरत पुटपुटला, "बाई, आमचा धाकटा यंदा..."

"मोठ्याने बोल! शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"धाकटा यंदा पहिलीत येईल, बाई!" तो ओरडला आणि मग एकामागून एक आवाज यायला लागले. वर्ग भरला. साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

भाऊ नाक पुसत मनोऱ्याकडे गेला. फादरांच्या हातातून त्याने दोरी घेतली आणि घंटा भराभर, दणादण वाजवली, तशी ती कित्येक वर्षांत वाजली नव्हती. पिठाच्या, तेलाच्या, फेसाच्या त्या सगळ्या माणसांनी काय करावं? कोणी न सांगता दारापाशी रांग लावली.

साहेब निघाले तेव्हा बाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

"शेवटी निर्णय समितीचा असतो, बाई," साहेब म्हणाले. "कळवू आम्ही."

"कळवा. पण बंद करायचं ठरलं तर कागद पाठवू नका, स्वतः या. मी फादरना दोरी ओढायला सांगेन, सावकाश. मग गावासमोर उभे राहा आणि कोण गेलं ते तुम्हीच सांगा."

साहेब अजून आलेले नाहीत.