भुताची चिमणी

डबिंगच्या स्टुडिओत त्याला सगळे घसाकाका म्हणतात. तीस वर्षांत त्याने दोन अस्वलं, एक बोलका फ्रीज आणि मोजता न येणारे मरणारे हवालदार आपल्या घशातून काढले. पडद्यावर मात्र त्याची सावलीसुद्धा पडलेली नाही. बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हाही तो बूथमध्ये अस्वलच होता. "अजून दोन गुरगुरणी राहिलीत, आलोच," असं त्याने मुलीला फोनवर सांगितलं. ते खरंच होतं, पण तो पोहोचेपर्यंत बायको गेली होती. त्यानंतर नऊ वर्षं मुलगी त्याच्याशी बोलली नाही.

मग एका सिनेमात त्याला भुताचा आवाज मिळाला. एक खडूस माणूस मरतो, भूत होतो, आणि चार जणांची माफी मागितल्याशिवाय त्याला वर घेत नाहीत. विनोद असे, की भुताच्याही अंगावर काटा यावा. पण शेवटची माफी भुताच्या मुलीची होती. कागदावर होतं, "बाळा, चुकलं माझं." घसाकाका म्हणाला, "चिमणे, चुकलं माझं. यायला हवं होतं मी." आपल्या लेकीला तो चिमणीच म्हणायचा.

"काका, कागदावर बाळा आहे," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"भुताची पाठ आहे कॅमेऱ्याकडे. ओठ कुणाला दिसतायत?"

"आणि ते यायला हवं होतं?"

"मेलेल्या माणसाला एवढी तरी सूट दे की रे."

त्याने दिली.

घसाकाकाने मुलीला मेसेज केला: रविवारी दुपारी स्टेशनजवळच्या थिएटरात हा सिनेमा बघ, माझं काम आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं, "बघते." त्या एका शब्दावर त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि थिएटरात मागच्या रांगेत जाऊन बसला. मुलगी चार रांगा पुढे होती.

भुताचा आवाज मशीनने पिंपातल्या बेडकासारखा करून टाकला होता. त्यात शेवटी सिनेमाचे सगळे आवाज जुळवणारा माणूस फारच मन लावून काम करणारा निघाला. त्याने 'चिमणे' ऐकलं आणि प्रामाणिकपणे तिथे पाखरू बसवलं. भूत गहिवरून म्हणालं, "चिमणे," आणि कुठूनसं उत्तर आलं, चिव चिव. त्या रटाळ सिनेमात थिएटर पहिल्यांदाच खदखदलं. पुढचं सगळं त्या हशात बुडालं.

मुलीचे खांदे हलत होते. रडतेय, असं त्याला क्षणभर वाटलं. मग ती शेजारणीकडे वळली. हसत होती.

संध्याकाळी तिचा मेसेज आला: "सगळा सिनेमा तुमचा आवाज शोधत बसले. कुठे होतात?"

विनोद समजावून सांगितला की मरतो, हे तीस वर्षांच्या धंद्याने त्याला शिकवलं होतं. माफीचंही तसंच असणार, असं त्याने धरलं. बराच वेळ टाइप करून, खोडून, शेवटी त्याने लिहिलं, "सिनेमातून कापलं मला."

"नेहमीसारखंच. आलाच नाहीत," तिने लिहिलं.