तळघराच्या दारातली मेणबत्ती

माझी नणंद ग्रास्सिया हिला मी पंचवीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. खोटं कशाला बोलू. बाई चौसष्टची, अंगानं काडी, आणि बोलणं नुसतं झोंबरं. पण आमच्या आख्ख्या ओलिएना गावात तिच्यासारखं डुकराचं पिल्लू कोणाला भाजता येत नाही, हे मात्र मान्य. पाच तास आगीपाशी बसणार, आणि कातडी कुरकुरीत झाली नाही तर स्वतः घास घेणार नाही. आमची कान्नोनाऊ म्हणजे काळसर तांबडी, घोटागणिक कान तापवणारी वाइन. ती रिकाम्या पोटी प्यायला कोणी बसलाच तर ग्रास्सिया त्याच्या हातातून पेला काढून घ्यायची. "आधी मटण जाऊ दे पोटात. हे काय सरबत आहे?"

तिचं एक खूळ होतं. पिंपात द्राक्षांचा नवा रस फसफसायला लागला की पेटती मेणबत्ती पुढे धरल्याशिवाय ती कोणाला तळघरात उतरू द्यायची नाही. त्या फसफसण्यातून निघणारा वायू दिसत नाही, खाली साचतो. ज्योत विझली की मागे फिरायचं. तिचे आईवडील तिथेच गेले. आधी बाप, मग त्याच्यामागे धावलेली आई. ग्रास्सिया तेव्हा नऊ वर्षांची, आणि माझा नवरा बाकिस पाळण्यात. पुढे त्याला तिनंच वाढवलं.

ऑक्टोबरातला रविवार होता, तळघरात नवा रस फसफसत होता. अंगणात पाहुणे, पिल्लू आगीवर, मेंढीचं जुनं चीज फोडून ठेवलेलं. सकाळीच तिनं माझ्या हातात मेणबत्ती दिली होती. "खाली कोणी जायचं तर आधी ही." मी "बरं, वन्सं" म्हटलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

दुपारी टेबलावरची वाइन संपली. गेल्या वर्षीची तळघरात, मागच्या भिंतीला. बाकिसनं विचारलं, "मेणबत्ती कुठाय?" मी हसले. म्हटलं, "मोबाइलचा टॉर्च आहे ना? तुम्ही भावंडं म्हणजे एकेक नमुने." तो गेला.

भाकऱ्या शेकून होईपर्यंत तो आला नाही. मी दारापाशी गेले. खाली टॉर्च लख्ख जळत होता, आणि त्या उजेडात चौथ्या पायरीखाली बाकिसचे बूट दिसले, आडवे.

मी ओरडले आणि आत झेपावले. तेवढ्यात मागून कोणीतरी माझे केस धरले आणि मला फरशीवर पाडलं. ग्रास्सिया. एवढीशी बाई, पण माझ्या छातीवर गुडघा रोवून बसली.

"सोडा मला, वन्सं. तुमचा भाऊ मरतोय."

"मरू दे. तू नाही जायचंस." मग तिनं मान वळवून शेजारच्या झिझ्झूला हाक मारली. "आढ्याचं चीज काढायचा तो लांब आकडा आण. दारातूनच ओढ. उतरलास तर तंगडी तोडीन."

मी तिच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव आली. तरी तिनं सोडलं नाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मीच पाठवलं होतं त्याला, आणि मेणबत्ती माझ्याच खिशात टोचत होती.

झिझ्झू दारात पालथा पडून आकडा आत फिरवत होता. एकदा निसटला. दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा बाकिसच्या पट्ट्यात अडकला, आणि तिघाचौघांनी त्याला वर ओढलं. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. झिझ्झूनं तोंडावर तोंड ठेवून श्वास भरला, पुन्हा भरला. बऱ्याच वेळानं बाकिस खोकला, मग ओकला.

बाकिस वाचला. ग्रास्सियाच्या मनगटावर माझ्या दातांचे वण अजून आहेत. पाहुण्यांनी विचारलं तर "कुत्रं चावलं" म्हणते, माझ्यादेखत.

तिला एक गोष्ट मी कधी विचारली नाही, विचारणारही नाही. तो आकडा निसटत होता तेव्हा ती माझ्या अंगावर ओणवी होऊन, डोळे मिटून, माझ्या कानात पुन्हा पुन्हा पुटपुटत होती, "नको जाऊ आई. मी धरलंय तुला. या वेळी घट्ट धरलंय."