सहा कपांतला एक

“ठेव. तो कप आधी खाली ठेव.” मॅडम ओरडत होत्या. आवाज असा, की तुंगार्लीच्या धरणावरचे बगळे उडून पार मुंबईला गेले असतील. मी त्यांच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात. हातात पांढरा कप, कपात अर्धा चहा.

“तुझा ग्लास कुठाय?”

“माकडानं नेला.”

खोटं नव्हतं. माझा ग्लास खिडकीबाहेर कठड्यावर ठेवायचा, असा बंगल्याचा नियम. लोणावळ्याचं माकड ते. ग्लास घेऊन थेट नागफणीच्या टोकावर जाऊन बसलं असेल. वाटेत त्याला कुणी आडनाव विचारलं नसेल.

मला विचारलं होतं. याच मॅडम आमच्या कामशेतच्या कॉलेजात भाषणाला आल्या होत्या. “शिकता शिकता काम करा. कुठलंही काम हलकं नसतं.” मी इतक्या टाळ्या वाजवल्या की हात दोन दिवस सुजलेले. सरांनी माझं नाव सुचवलं. शनिवार-रविवारचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. मग गाव. बेडसे. मग, “गावात घर कुठल्या बाजूला?” बौद्ध वस्तीत, मी सांगितलं. दुपारचा चहा कठड्यावर आला.

चार महिने मी तो तिथंच प्याले. लिहिताना लाज वाटते, पण प्याले. वडील म्हणाले होते, “काम हाय तवर बारावी. काम सुटलं की चल भाताच्या खाचरात.”

“ग्लास नाही तर चहा नाही,” मॅडम म्हणाल्या. “तो कप बाजूला काढ. माळी फोडून टाकेल.”

चांगला कप. चिरा नाही, टवका नाही. माझं तोंड लागलं म्हणून फोडायचा.

उरलेला चहा मी प्याले. सावकाश. तेवढ्यात पवना धरण भरून वाहिलं असतं. मग कप धुतला, पुसला, फळीवरच्या पाच कपांत ठेवला. आणि सहाही कप इकडचे तिकडे केले.

“तुझा कुठला?”

“सगळे धुतलेत, मॅडम.”

“कुठला ते दाखव.”

मी ओटा पुसायला घेतला. बाहेर व्हरांड्यात त्यांच्या पाच मैत्रिणी चहासाठी हाका मारत होत्या. मॅडमनी एक कप उचलला. बघितला. ठेवला. दुसऱ्याला हात लावला नाही. शेवटी कपाटातले दारूचे ग्लास निघाले. पाच बायका रुमालात ग्लास धरून चहावर फुंकर मारतायत, एक म्हणते, “अगं, काय मस्त आयडिया.” मला त्याच पावली हाकललं.

सोमवारी सरांनी कॉलेजात गाठलं. मॅडमचा फोन आला होता.

“कप कुठला तेवढं सांग, माफी माग, शनिवारी कामाला जा. वडलांना काय सांगणारेस? बारावी करायचीय ना तुला?”

करायची होती. वडलांना अजून काही कळलं नव्हतं. सकाळी बाजारातली सात दुकानं विचारून झाली होती, सातही नाही म्हणाली होती. आठव्यात विचारणार होते. तिथं काम मिळालं तर चहा कशात देता, हे मी आधी विचारणार होते.

“काम मी दुसरं बघते, सर. कप सांगणार नाही.”